तारेमागची तार

मराठीतील ‘तार’ या शब्दाने फार ओझे वाहिले आहे. तंबोऱ्याला चढवायची ती तार, खांबावरून वीज वाहून नेते ती तार, आणि अवेळी दार ठोठावून तारवाला हातात देई व जिच्या नुसत्या दर्शनाने घरातील बायामाणसांच्या डोळ्यांत पाणी उभे राही, तीही तारच. यांपैकी तिसरी १५ जुलै २०१३ पासून भारतातून बंद झाली. पहिल्या दोन अजून नांदत आहेत, आणि त्या दोघींच्या संबंधाविषयी हा लेख आहे. विजेवर चालणाऱ्या वाद्याच्या तारेतून उमटलेला नाद दुसऱ्या तारेतून ध्वनिवर्धकापर्यंत जातो. ही दुसरी तार त्या नादात काही फेरफार करते काय? की ती केवळ हमाल आहे, दिलेला माल उचलून नेणारी?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही तो वाटला होता, आणि त्यापायी माझ्या हातून एक अन्याय घडला. तो आधी सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. मी नुकताच राज्य सरकारच्या नोकरीत लागलो होतो. हिशेबाचा माणूस म्हणून मच्छेतील आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च माझ्याकडे आला होता. विसर्जनाच्या मिरवणुकीला खानापूरच्या बाजूचे एक बेंजोवादक दरवर्षी येत. वय साठीच्या घरात, अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी. गाव त्यांना बेंजोमामा म्हणे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अ‍ॅम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, दोन कर्णे आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेले मामा, अशी त्यांची बैठक ठरलेली असे. त्या वर्षी आम्हा तरुण मंडळींच्या डोक्यात नवी कल्पना आली. ट्रॉलीत मूर्तीची आरास मोठी करायची आणि वादकांनी पुढे चालायचे. त्यासाठी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून जाळीची तार आणली, चांगली पन्नास फूट.

मामांनी ती तार हातात घेतली, तिचे वेटोळे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, तार लांब झाली की वाद्य मरतंय बघा.”

आम्ही हसलो. कोणीतरी म्हणाले, “मामा, तार म्हणजे काय पाण्याचा पाट हाय काय, लांब गेला म्हणून पाणी आटायला?” मामा पुढे बोलले नाहीत. गळ्यात पट्टा अडकवून त्यांनी बेंजो पोटाशी धरला आणि ते चालू लागले.

मिरवणूक रंगली नाही. बेंजोची नेहमीची ती झणझणीत, गल्लीच्या टोकाला असलेल्या माणसाची मान वळवणारी धार त्या रात्री नव्हतीच. घोंगडीत गुंडाळून वाजवल्यासारखा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी बैठकीत चर्चा झाली. म्हातारा थकला, असे एकाने म्हटले. त्याला आता ऐकू कमी येते, म्हणून वाद्य नीट लागत नाही, असे दुसऱ्याने. ठरलेल्या चारशे रुपयांपैकी शंभर मी कापले आणि वहीत कारण लिहिले, ‘वादन असमाधानकारक’. मामांनी तीनशे मोजून घेतले, सही केली, आणि पुन्हा ते आमच्या गावात वाजवायला आले नाहीत.

आता या वाद्याविषयी. बेंजो म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचा अमेरिकेतील कातडी तोंडाच्या बँजोशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. त्याचे माहेर जपान. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो या गृहस्थाने टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले एक तंतुवाद्य घडवले. त्याच वर्षी जपानात ताइशो नावाचे राजपर्व सुरू झाले होते, म्हणून वाद्याला ताइशोगोतो हे नाव मिळाले. आपल्याकडे ते आले आणि बुलबुल तरंग झाले, कोठे बेंजो झाले. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हातातील प्लॅस्टिकच्या तुकड्याने पोलादी तारा छेडायच्या. घरातील मूल आठवड्यात एखादी आरती वाजवू लागते इतके ते सोपे, आणि म्हणूनच शास्त्रीय बैठकीत त्याला पाटावर जागा मिळाली नाही. त्याने आपली जागा रस्त्यावर केली. मुंबईच्या चाळी, कोकण, कोल्हापूर आणि आपला बेळगाव-निपाणीचा पट्टा येथील हळदी, वराती व मिरवणुका बेंजोने गाजवल्या. या वादकांवर रवी जाधव यांनी २०१६ मध्ये हिंदीत चित्रपटही काढला.

रस्त्यावर टिकायचे तर आवाज मोठा हवा. तो विजेने दिला. अमेरिकेत १९३१च्या सुमारास जॉर्ज बोशाँ यांनी हवाई पद्धतीच्या गिटारसाठी चुंबकीय पिकअप तयार केला आणि रिकेनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२पासून तशी गिटार बाजारात आली. आमच्या पिढीने रेडिओवर ऐकलेल्या व्हॅन शिपली किंवा हजारा सिंग यांच्या चित्रपटगीतांच्या धुना याच युक्तीच्या वंशातल्या. तारेखाली चुंबक, चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत तितकीच थरथरती, अतिशय क्षीण वीज उत्पन्न होते. बेंजोच्या पोलादी तारांखालीही हाच पिकअप बसला. पोलादाचीच तार हवी, कारण चुंबकाला पितळेशी किंवा आतड्याच्या तंतूशी देणेघेणे नाही.

ही क्षीण वीज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत न्यायची ती जाळीच्या तारेतून. मधोमध एक तार, तिच्यावर रबराचे अथवा प्लॅस्टिकचे आवरण, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि पुन्हा आवरण. जाळी नसेल तर आसपासच्या विजेची भणभण आत शिरते. परंतु या रचनेतच एक गोम आहे. दोन धातू आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा पदार्थ, ही वीज साठवण्याच्या भांड्याची घडण झाली. तार जितकी लांब तितके भांडे मोठे.

ही गोम प्रथम ध्यानात आली ती संगीतज्ञांच्या नव्हे, समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्यांच्या. म्हणून वाचकांना थोडे दूर नेतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमिनीवर खांबांवरून जाणाऱ्या तारायंत्राची घडी बसली होती. हिंदुस्थानात कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणारी तार १८५५च्या प्रारंभी सर्वसामान्यांसाठी खुली झाली. खांबावरील उघड्या तारेतून संदेश झटकन जात. पाण्याखालून न्यायची तर तारेवर गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे आवरण चढवावे लागे, आणि अशा तारेत संदेश रेंगाळू लागले. मायकेल फॅरडे यांनी १८५४ मध्ये त्याचे कारण सांगितले. आवरणातील तार आणि भोवतीचे पाणी मिळून वीज साठवणारे प्रचंड भांडे तयार होते. ते भरेपर्यंत पलीकडे काही पोचत नाही आणि रिकामे होईपर्यंत पुढचा ठोका ओळखता येत नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी लगोलग त्याचे गणित मांडले. तारेची लांबी दुप्पट झाली तर हा विलंब चौपट होतो.

हे गणित सर्वांना पटले असे नाही. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली पहिली तार ऑगस्ट १८५८ मध्ये जोडली गेली तेव्हा कंपनीचे विद्युत-अधिकारी व्हाइटहाउस हे व्यवसायाने शल्यवैद्य होते आणि थॉमसन यांच्या सिद्धान्तावर त्यांचा विश्वास नव्हता. व्हिक्टोरिया राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सोळा तासांच्या आसपास लागले. जोर लावला की संदेश धावेल अशा समजुतीने व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला आणि अगोदरच कच्ची असलेली तार अवघ्या तीन-चार आठवड्यांत मेली. तिच्या अल्प आयुष्यातील एक निरोप आपल्या देशाशी जोडलेला होता. १८५७च्या उठावामुळे कॅनडातून माघारी बोलावलेल्या पलटणींची आता गरज नाही, तेथेच थांबा, असा तो लष्करी निरोप. जहाजाने आज्ञा पाठवण्यापेक्षा तो लवकर पोचला आणि सरकारचा पन्नास हजार पौंडांचा खर्च वाचला असे सांगतात.

पुढे तारा सुधारल्या, आवरण जाड झाले, आणि अतिशय हलक्या विजेचा ठोका टिपणारी थॉमसन यांची उपकरणे आली. फेब्रुवारी १८७० मध्ये ब्रुनेल यांचे महाकाय जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईच्या बंदरातून एडनकडे तार सोडत निघाले. त्या वर्षाच्या जून महिन्यात मुंबई आणि लंडन समुद्राखालून जोडली गेली. आपल्या मराठी मुलखाच्या दाराशी ही लांब तार पोचली ती अशी. तिच्यातही संदेश रेंगाळतच होता, फक्त तो रेंगाळणार हे आता यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक होते.

तारायंत्राला ठोका उशिरा पोचला तरी चालते. दूरध्वनीला चालत नाही. जानेवारी १८८२ मध्ये मुंबईत दूरध्वनीचे केंद्र सुरू झाले तोवर युरोपातील मोठ्या शहरांत जमिनीखालच्या तारांतून बोलणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येऊ लागला होता. आवाज पोचे, पण घोगरा. स, श, त, ट यांच्या कडा झिजलेल्या. माणूस ओळखता येई, शब्द ओळखता येत नसे. कारण तेच भांडे. शब्दांच्या कडा उंच स्वरांनी बनतात आणि स्वर जितका उंच, तितका तो या भांड्यातून गळून जातो.

त्यावरचा उपाय ऑलिव्हर हेवीसाइड यांनी १८८७ मध्ये गणिताने दाखवला. हा माणूस लहानपणी लाल तापाने अर्धवट बहिरा झाला होता. चोविसाव्या वर्षी त्याने तारेच्या कंपनीतील नोकरी सोडली आणि नंतर कधीच धरली नाही. तारेत विजेला जडत्व देणारा गुण, ज्याला शास्त्रीय मराठीत प्रवर्तन म्हणतात, तो मुद्दाम वाढवला तर धारितेचा म्हणजे त्या भांड्याचा उपद्रव आवरता येतो आणि आवाज स्वच्छ पोचतो, असे त्याचे म्हणणे. ब्रिटिश टपाल खात्यातील वरिष्ठ विद्युत-अधिकारी विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते. प्रवर्तन म्हणजे शत्रू, जाड तांबे वापरा म्हणजे झाले. हेवीसाइड आणि त्याचा टपाल खात्यात असलेला भाऊ आर्थर यांनी मिळून लिहिलेला निबंध प्रसिद्धीसाठी प्रीस यांच्या संमतीची वाट पाहत अडला, आणि ती संमती मिळाली नाही. बारा-तेरा वर्षांनी अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी ठराविक अंतरावर तारेत वेटोळी घालण्याचे पेटंट मिळवले, आणि लांब पल्ल्याचे बोलणे ऐकू येऊ लागले. पैसा प्युपिन यांना मिळाला. हेवीसाइड १९२५ मध्ये टॉर्की येथे विपन्नावस्थेत वारला.

प्रीस हा दुष्ट माणूस नव्हता. कामसू, अनुभवी, मार्कोनीला पुढे मदत करणारा अधिकारी होता. त्याच्या टेबलावरील कागदाकडे पाहताना मला मात्र माझी १९८६ सालची वही दिसते.

आता वाद्याकडे येऊ. दूरध्वनीची तार मैलोगणती लांब, वाद्याची तार फार तर पन्नास फूट. मग एवढ्याशा लांबीने काय बिघडणार, असा रास्त आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर पिकअपमध्ये आहे. त्या हजारो वेढ्यांमुळे त्याचे प्रवर्तन अवाढव्य असते, साधारण दोन-चार हेन्री. त्याच्यापुढे छोटे भांडेही मोठे ठरते. येथे प्रवर्तन आणि धारिता एकमेकींना आवरत नाहीत. त्या दोघी मिळून झोपाळ्यासारखी एक स्वतःची लय धरतात, आणि त्या लयीजवळचे स्वर फुलतात. त्यालाच अनुनाद म्हणतात. त्या लयीच्या वरचे स्वर मात्र झपाट्याने बुजतात. पिकअप अडीच हेन्रीचा आणि तार तीन मीटरची धरली, तर हा फुलोरा सेकंदाला पाच हजार कंपनांच्या आसपास येतो. तीच तार पंधरा मीटरची केली की तो अडीच हजारांवर उतरतो. म्हणजे नेमके एक सप्तक खाली. बेंजोची धार ज्या वरच्या स्वरांत आहे ते स्वर फुलण्याऐवजी दारातच अडतात.

ज्यांचा कान तंबोऱ्यावर घडला त्यांना हे पटायला जड जाऊ नये. मिरजेचे कारागीर, ज्यांच्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग किती हलक्या हाताने घासतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल. तार आणि घोडी यांच्यामधला सुताचा धागा तसूभरही नाही, केसभर सरकवला तरी तंबोरा मिटतो अथवा उमलतो. तारेचा मूळ स्वर तोच, तिचा ताण तोच. बदलते ते तिच्यातून उमटणाऱ्या वरच्या स्वरांचे परस्परांतील प्रमाण. आपल्या शेजारच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्यात किती काटेकोर होते, याच्या आठवणी जुन्या श्रोत्यांकडून अजून ऐकायला मिळतात. धाग्याने जे घडते ते लांब तारेने घडले तर नवल ते काय? फरक इतकाच की धागा आपण जाणून सरकवतो.

माझ्यापुढे हा विषय पुन्हा आला तो पुतण्यामुळे. आमच्याच गावात विद्यापीठ असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न एका महाविद्यालयात तो शिकतो आणि गिटार वाजवतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एक तार आणली. तीन मीटर लांब, टोकांना सोन्याचा मुलामा, वर रेशमी वेष्टण, आणि किंमत ऐकून माझी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. शुद्ध तांब्यामुळे नाद शुद्ध होतो असे वेष्टनावर छापलेले होते. मी म्हणालो, “अरे, तार ती तार.” बोललो आणि थबकलो. चाळीस वर्षांपूर्वी गल्लीत म्हटले गेलेले वाक्य माझ्याच तोंडून पुन्हा आले होते. मी त्याला मामांची हकिगत सांगितली. तो म्हणाला, “काका, मोजून बघू या ना.”

आम्ही तीन तारा घेतल्या. त्याची महागडी, तेवढ्याच लांबीची बाजारातली साधी, आणि त्याच साध्या जातीची पंधरा मीटरची. प्रथम त्याने धारिता मोजली. साधी छोटी सुमारे तीनशे पिकोफॅरड, महागडी त्याहून किंचित कमी, आणि लांब तार पंधराशे. मग मी, माझी पत्नी आणि वहिनी पाठ करून बसलो. तो दर वेळी चिठ्ठी काढून तार बदलायचा, एकच ओळ वाजवायचा आणि आम्ही ओळखायचे. वीस वेळा महागडी आणि साधी, वीस वेळा छोटी आणि लांब. पहिल्या खेपेस माझी अकरा उत्तरे बरोबर आली, पत्नीची नऊ. नाणे उडवले असते तरी इतकेच जमले असते. दुसऱ्या खेपेस माझी अठरा बरोबर आली. वहिनींची वीसच्या वीस, आणि त्यांना गिटार हे वाद्य मुळीच आवडत नाही.

एवढ्यावर पुतण्याचे समाधान झाले नाही. त्याने छोट्या तारेच्या टोकाशी बाराशे पिकोफॅरडचे एक चिमुकले धारित्र जोडले. डाळीच्या दाण्याएवढी वस्तू, किंमत सांगू नये इतकी कमी. छोटी तार लांब तारेसारखी वाजू लागली. वहिनींनाही त्या दोहोंत फरक सांगता येईना. मला वाटते, सगळ्या वादाचा निवाडा त्या दाण्यात होता. लांब तारेत नाद थकत नाही की वाटेत सांडत नाही. ते भांडे मोठे होते, एवढेच.

मग सोन्याच्या मुलाम्याचे काय? सोने गंजत नाही, तेव्हा आपल्याकडच्या पावसात टोके काळी पडणार नाहीत, हा लाभ खरा. चांगल्या विणीची जाळी भणभण अडवते आणि मजबूत टोक पायाखाली आले तरी तुटत नाही, हेही खरे. तांब्याच्या शुद्धतेचा मात्र नादाशी संबंध जुळत नाही. पिकअपच्या वेढ्यांचाच रोध सहा-सात हजार ओहम असतो. त्यापुढे तीन मीटर तांब्याचा रोध ओहमच्या अंशात. तो थोडा कमी झाला काय, जास्त झाला काय! प्रीस यांच्या जाड तांब्याचा आग्रह शंभर वर्षांनी रेशमी वेष्टणात बांधून पुन्हा विकायला आला आहे, इतकेच म्हणावेसे वाटते.

सर्वच वाद्यांना हा नियम एकसारखा लावू नये, हेही सांगितले पाहिजे. हार्मोनियमपुढे किंवा गायकापुढे ठेवलेल्या चांगल्या मायक्रोफोनचा संरोध इतका कमी असतो की सभागृहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत तार नेली तरी कानाला फरक जाणवत नाही. सतारीला चिकटवतात त्या स्फटिकाच्या पिकअपची तऱ्हा आणखी निराळी. तो स्वतःच एक लहानसे धारित्र असल्याने लांब तारेने त्याचा आवाज लहान होतो, पण धार फारशी जात नाही. बॅटरीवर चालणारा छोटा प्रवर्धक वाद्यातच बसवला तर चुंबकीय पिकअपचेही दुखणे मिटते. लेस पॉल या अमेरिकन वादकाने तर १९६९ मध्ये कमी संरोधाचे पिकअप असलेल्या गिटारी गिब्सन कंपनीकडून काढून घेतल्या होत्या. म्हणजे लांब तारेची तक्रार करणारे आमचे मामा जगात एकटे नव्हते. मामांच्या हाती यांतले काही नव्हते. त्यांच्यापाशी एकच इलाज होता, अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून बसणे, आणि तोच आम्ही काढून घेतला.

न्यायाने बोलायचे तर १९८६च्या त्या रात्रीचा सगळा दोष लांबीवर टाकता येणार नाही. त्या तारेत दोन ठिकाणी हाताने मारलेले जोड होते, ट्रॅक्टरचे इंजिन वादक आणि कर्णे यांच्या मधे धडधडत होते, आणि चालता चालता साठीच्या माणसाचा हात बसून वाजवताना पडतो तसा पडेलच असेही नाही. यांतला किती वाटा कशाचा, हे आता ठरवता येणार नाही. यांपैकी एकही गोष्ट मामांनी मागितलेली नव्हती, एवढे मात्र ठरवता येते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेलो. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे चिरंजीव सुतारकाम करतात. मी आलो कशासाठी हे त्यांना समजायला वेळ लागला. शंभर रुपयांची हकिगत त्यांना माहीत नव्हती. “बाबांनी घरात कधी सांगितलं नाही ओ,” ते म्हणाले. मी पाकीट पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही. चहा झाल्यावर त्यांनी माळ्यावरून जुन्या धोतरात गुंडाळलेला बेंजो खाली काढला. दोन कळा मोडल्या होत्या, तारा गंजून लालसर झाल्या होत्या. पिकअपवर इन्सुलेशनची चिकटपट्टी गुंडाळलेली.

वाद्याच्या पोटात, दोऱ्याने नीट बांधून, त्यांची स्वतःची जाळीची तार ठेवलेली होती. एकही जोड नसलेली, दोन्ही टोकांना त्यांच्याच हातचे झाळण. मी ती उलगडली आणि कोपरापासून बोटांपर्यंत मोजली. पाच हात भरली.